वजनाच्या ऑपरेशनची बातमी फक्त किलोत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नुकताच वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लेख आला होता. फोटोत एक ताई जुना सैल झालेला ड्रेस हातात धरून उभ्या आणि खाली लिहिलंय इतके किलो उतरले. त्यांचं कौतुकच आहे, पण अख्ख्या लेखात मधुमेहाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत, 'शुगरच्या गोळ्याही बंद झाल्या'. माझ्या मते खरी बातमी ती ओळ होती. गोळ्या का बंद झाल्या, वजन उतरल्यावर झाल्या की त्याच्या आधीच, आणि झाल्या त्या किती वर्षं बंद राहणार, हे कोणी विचारलंच नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, जागेअभावी कापायचं झालं तर कापा, पण शेवटचा औषधांचा भाग तेवढा ठेवा.

मी फार्मसिस्ट आहे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं मेडिकल आहे. दुकानात दिवसभर शुगरच्याच गोळ्या जातात म्हटलं तरी चालेल. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघालेत, आणि काउंटरला उभं राहिलं की ते आकडे खोटे वाटत नाहीत. आधी एक गोळी, मग दोन औषधं एकत्र असलेली, मग तिसरी, मग इन्सुलिनचं पेन, अशी चिठ्ठी वाढत जाताना मी बघते. कमी झालेली चिठ्ठी फार क्वचित बघायला मिळते, आणि गेल्या काही वर्षांत जी काही कमी झालेली बघितली त्यातल्या बऱ्याच जणांचं हे ऑपरेशन झालेलं होतं.

आपल्याकडे याबद्दल काय बोललं जातं ते तुम्हालाही माहीत आहे. पैसेवाल्यांचे चोचले. त्यापेक्षा सकाळी उठून रंकाळा तलावाला फेऱ्या मार की, भात बंद कर, कशाला पोट कापून घेतोस. बायकांना तर फारच ऐकावं लागतं, घरातली माणसंच म्हणतात की तोंडावर ताबा नाही म्हणून डॉक्टरांकडून पोट शिवून आणलं. यातल्या एका ऑपरेशनचं नाव गॅस्ट्रिक बायपास, पण बायपास म्हटलं की लोकांना हार्टचंच वाटतं आणि नातेवाईक धावत भेटायला येतात, मग खरं कळल्यावर तोंडं वाकडी होतात. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की पोट लहान केलं, खाणं कमी झालं, वजन उतरलं, म्हणून शुगर उतरली. यातलं थोडं खरं आहे पण पूर्ण खरं नाही, आणि जे सुटतं तेच महत्त्वाचं आहे.

जठराचं ऑपरेशन झाल्यावर मधुमेह सुधारतो हे १९५५ सालीच अमेरिकेत काही डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं, तेव्हा तर ही ऑपरेशनं लठ्ठपणासाठी होतही नव्हती. पुढे १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी आपल्या ६०८ पेशंटचा हिशोब मांडला, सगळ्यांचं गॅस्ट्रिक बायपास झालेलं. त्यातल्या टाइप टू, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होतो तो मधुमेह असलेल्या १४६ पैकी १२१ जणांची शुगर नॉर्मल झाली आणि नॉर्मल राहिली. आणि डॉक्टर मंडळी चक्रावली ती वेगळ्याच कारणाने, शुगर काही दिवसांतच खाली यायची. पेशंट अजून तेवढाच जाड, घरी जाताना कपडे तेच, आणि इन्सुलिन मात्र बंद किंवा अर्ध्यावर. म्हणजे किलो उतरायच्या आधी शुगर उतरली. मग हे झालं कशाने?

पहिलं कारण साधं आहे. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस पेशंट नुसत्या पातळ पदार्थांवर असतो, कॅलरी एकदम तुटतात. अशा वेळी लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी कमी होते आणि लिव्हर रात्रभर जी साखर रक्तात सोडत असतं ते आवरतं, त्यामुळे उपाशीपोटीची शुगर आठवड्याभरात खाली येऊ शकते. यासाठी ऑपरेशनच लागतं असंही नाही, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ६०० कॅलरीच्या आहारावर हेच दाखवून दिलं.

दुसरं कारण हार्मोनचं, आणि इथेच खरी गंमत आहे. आपलं आतडं नुसतं अन्न पचवत नाही, ते हार्मोनही बनवतं. १९६४ मध्येच दिसून आलेलं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने दिलं तर कितीतरी जास्त. याचा अर्थ तोंडातून काही खाल्लं की आतडं स्वादुपिंडाला, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या ग्रंथीला, आधीच वर्दी देतं, साखर येतेय, तयारीत रहा. ही वर्दी देणारी मुख्य दोन हार्मोन, जीआयपी हे आतड्याच्या वरच्या भागात आणि जीएलपी-वन हे मुख्यतः खालच्या भागात तयार होतं. टाइप टू मधुमेहात ही सगळी व्यवस्था ढिली पडलेली असते. आता बायपासमध्ये काय करतात, तर जठराचा वरचा साधारण ३० मिलीचा छोटासा भाग वेगळा काढतात आणि तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, मधलं उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या रस्त्यातून बाजूला पडतो. त्यामुळे घास जवळजवळ न पचलेला, भराभर खालच्या आतड्यात पोचतो. तिथल्या पेशींना एवढं अन्न एवढ्या लवकर भेटायची सवयच नसते, त्या जीएलपी-वन भरपूर सोडतात, जेवणानंतरची पातळी आधीच्या कितीतरी पट वर जाते. हे हार्मोन स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, तेही रक्तात साखर असेल तेव्हाच. साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला ते दाबतं आणि मेंदूला सांगतं की पोट भरलं. सोबत पीवायवाय नावाचं दुसरं हार्मोन वाढतं, ते पण भूक मारतं.

स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढून टाकतात, केळ्यासारखी नळी उरते. त्यातही अन्न लवकर पुढे सरकतं म्हणून जीएलपी-वन वाढतं, आणि शिवाय जो भाग काढला त्यातच घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन जास्त बनत असतं, जपानमध्ये १९९९ साली सापडलेलं. ते कमी झाल्यामुळे पेशंट सांगतात की ताट समोर आहे पण मन जात नाही. एका ग्राहक काकूंनी मला हे जसंच्या तसं सांगितलेलं, की आयुष्यभर मला वाटायचं माझ्यात दम नाही, आणि ऑपरेशननंतर कळलं की बाकीच्यांना भूकच एवढी लागत नसते. हे वाक्य त्या 'तोंडावर ताबा नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा ऐकायला पाहिजे. याशिवाय चरबी घटेल तसे आणखीही काही बदल होतात आणि इन्सुलिनला शरीर जास्त दाद द्यायला लागतं, पण त्या सगळ्यात शिरत नाही.

आता दुसरी बाजू सांगायलाच पाहिजे, नाहीतर जाहिरात होईल. सगळं श्रेय हार्मोनलाच देणारेही चुकतात. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये एक अभ्यास छापला, मधुमेह असलेल्या लठ्ठ माणसांचे दोन गट, एकाचं वजन बायपासने उतरवलं, दुसऱ्याचं नुसत्या आहाराने, पण दोघांचंही साधारण १८ टक्के उतरेपर्यंत थांबले आणि मग मोजलं. इन्सुलिनला दाद देणं, स्वादुपिंडाच्या पेशींचं काम, दोन्हींत जवळजवळ सारखाच फायदा. म्हणजे लांबच्या पल्ल्यात वजन उतरणं हेच मोठं औषध. पण १८ टक्के वजन नुसत्या आहाराने उतरवून ते टिकवणं किती जणांना जमतं, ९० किलोचा माणूस १६ किलो उतरवून वर्षानुवर्षं तिथेच राहतो का, हे तुम्ही आजूबाजूला बघा. आपण वजन उतरवायला लागलो की शरीर भूक वाढवून ते परत मागतं, आणि ऑपरेशनमधले हार्मोनचे बदल नेमकं ते मागणं कमी करतात. मला तरी या भांडणाचा निकाल असाच दिसतो. आणि ज्यांचा मधुमेह नवा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा, ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या, इन्सुलिन चालू नसलेल्या पेशंटना कडक आहारावर ठेवलं तर वर्षाअखेर ४६ टक्के जण गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. सगळ्यांना टेबलावरच झोपवायला पाहिजे असं नाही.

आणि कायमचा बरा हा शब्द कृपा करून छापू नका. स्वीडनमध्ये अशा पेशंटचा फार वर्षं पाठपुरावा झालाय, ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के जणांचा मधुमेह मागे हटलेला, पंधरा वर्षांनी तेच प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. ऑपरेशन न केलेल्यांत पंधरा वर्षांनी साडेसहा टक्के. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा १५० पेशंटचा अभ्यास घ्या, पाच वर्षांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, ६ किंवा त्याखाली कोणाची राहिली, तर नुसत्या औषधांवर असलेल्यांत ५ टक्के, स्लीव्हवाल्यांत २३, बायपासवाल्यांत २९. हे आकडे दोन्ही गोष्टी सांगतात, फायदा मोठा आहे आणि तो सगळ्यांना होत नाही, झाला तरी टिकेलच असं नाही. मधुमेह किती वर्षांचा आहे, इन्सुलिन किती वर्षं चालू आहे, स्वादुपिंडात इन्सुलिन बनवायची ताकद शिल्लक आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. शेवटच्या गोष्टीसाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची तपासणी असते. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, इन्सुलिनचे मोठे डोस, सी-पेप्टाइड तळाला, अशा माणसाला शुगर जाईल असं सांगून पैसे भरायला लावणं बरोबर नाही. ऑपरेशनला जाणाऱ्याने डॉक्टरांना किती किलो उतरतील हे विचारण्याआधी माझं सी-पेप्टाइड किती आहे हे विचारावं.

आजकाल दुकानात रोज कोणीतरी शुगर आणि वजनासाठीच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची चौकशी करतं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड, भारतात आलं तेव्हापासून तर जास्तच. ही इंजेक्शनं म्हणजे आतड्याच्या याच हार्मोनची नक्कल आहे, सेमाग्लुटाइड जीएलपी-वनची, टिर्झेपटाइड जीआयपी आणि जीएलपी-वन दोन्हींची. शरीरातलं स्वतःचं जीएलपी-वन दोनेक मिनिटांत संपतं, म्हणून औषधात त्याची रचना बदलून ते आठवडाभर टिकेल असं केलंय. चांगली औषधं आहेत, पण बंद केली की परिणाम जातो, सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. तेव्हा लग्नाला दोन महिने आहेत, बारीक व्हायचंय, एक इंजेक्शन द्या ताई, असं म्हणणाऱ्यांना मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि देणार नाही.

विम्याचं पण बोलायला पाहिजे. आयआरडीएआय या विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये आरोग्य विम्यासाठी ज्या अटी एकसारख्या केल्या त्यात या ऑपरेशनचे पैसे मिळायला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, ४० पाहिजे, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह किंवा हृदयविकारासारखा गंभीर आजार, तेही बाकीचे उपाय फसल्यावर. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईला ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. पण या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सांगितलंय की मधुमेह असेल तर बीएमआय ३० पासून ऑपरेशन सुचवावं आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच त्याचा विचार व्हावा. त्याच उंचीच्या बाईला २७.५ म्हणजे ७० किलोच्या आसपास. या मधल्या वीस किलोत आपल्याकडची किती माणसं बसतात बघा. आपल्या माणसांसाठी रेषा खाली का आणायची, तर त्याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला, दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी, ही आपली ठेवण. तिला ३५ ची अट लावणं म्हणजे आजार हाताबाहेर जाईपर्यंत थांबा म्हणण्यासारखं आहे, आणि तोवर स्वादुपिंडात वाचवायला अनेकदा फारसं काही उरलेलं नसतं. ही अट बदलायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्या पेपरने हा प्रश्न लावून धरावा.

आता औषधांचा भाग, ज्याच्यासाठी मुख्यतः पेन हातात घेतलं. काही दिवसांपूर्वी एक दादा जुनी चिठ्ठी घेऊन आले, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, महिन्याची द्या म्हणाले. चेहरा उतरलेला, हाताला घाम. विचारलं तर म्हणाले बायपास होऊन महिना झालाय, परवापासून जेवणाआधी थरथरतंय, अशक्तपणा असेल. मशीनवर शुगर बघितली तर ६१, म्हणजे फारच खाली. त्यांना आधी ग्लुकोजचं पाणी दिलं, बसवलं, बरं वाटल्यावर मोबाईलमधला डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागितला. पाच पानं, सगळी इंग्रजीत, आणि ती गोळी थांबवायची हे चौथ्या पानावर बारीक अक्षरात. घरी आधीचा साठा होता म्हणून ते घेत राहिले. ग्लिमेपिराइड रक्तात साखर असो नसो स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, आणि इथे आतड्याचं हार्मोन आधीच ते काम जोरात करत होतं. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, गोळी लगेच बंद झाली. हे हॉस्पिटल कुठलं ते महत्त्वाचं नाही, कारण असं एकाच ठिकाणी होतं असं नाही. पण हार्मोनचं काय झालंय हे त्या दादांना कोणी मराठीत पाच मिनिटं समजावलं असतं तर ते घरचा साठा कचऱ्यात टाकून मोकळे झाले असते.

तसंच पेनकिलरचं. बायपास झालेल्यांनी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या घ्यायच्या नसतात, जिथे जोड दिलेला असतो तिथे अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो. तंबाखू, सिगारेटनेही तेच. आपल्याकडे पेनकिलर कोणीही चिठ्ठीशिवाय मागतं आणि मिळते पण, म्हणून ऑपरेशन झालेल्याने मेडिकलवाल्याला आधी ते सांगायचं, लाजायचं काय कारण नाही. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर किंवा ईआर लिहिलेल्या गोळ्या कमी झालेल्या आतड्यात नीट लागू पडतीलच असं नाही, त्या बदलून घ्यायच्या का ते डॉक्टरांना विचारा. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे आयुष्यभराचं आहे, आणि कॅल्शियम सायट्रेट मागा, स्वस्तातलं कार्बोनेट आम्ल कमी झालेल्या पोटात तेवढं शोषलं जात नाही. सुरुवातीला सारख्या उलट्या होत असतील तर थांबू नका, बी-वन कमी पडून नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. वर्षभरानंतर कधी जेवण झाल्यावर एक ते तीन तासांत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं व्हायला लागलं तर तेही हार्मोनचंच, इन्सुलिन जास्त सुटून साखर पडते, ते डॉक्टरांना दाखवायचं, नुसती साखर खाऊन गप्प बसायचं नाही. मुलींनी ऑपरेशननंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि शुगर नॉर्मल आली तरी डोळ्याचा पडदा, किडनी, पाय यांची तपासणी दरवर्षी चालूच ठेवायची, आधीच्या वर्षांत जे नुकसान झालंय ते गोळ्या बंद झाल्या म्हणून पुसलं जात नाही.

शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या ज्या ज्या हॉस्पिटलात ही ऑपरेशनं होतात त्यांनी डिस्चार्जच्या वेळी एक पान मराठीत द्यावं, मोठ्या अक्षरात, त्यात तीनच गोष्टी हव्यात, कुठली गोळी आजपासून बंद, कुठली कधीच घ्यायची नाही, आणि कुठली जन्मभर. त्याची एक प्रत पेशंटने आपल्या मेडिकलमध्ये द्यावी, आम्ही ती जपून ठेवू. आमच्या पेठेतल्या बाकीच्या दुकानदारांशी मी बोललेय, ते तयार आहेत. आपण पुरवणीत असं एक नमुन्याचं पान एखाद्या सर्जनकडून आणि मधुमेहाच्या डॉक्टरांकडून तपासून छापलंत तर लोक ते कापून कपाटाला चिकटवतील, आणि हॉस्पिटलांना पण ते देणं भाग पडेल.

आपली,
एक फार्मसिस्ट वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर